दौलतीला नव्हती ती शीर

फिजीत लौटोकाच्या शर्टांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांना स्टूल मिळायचं. आम्हा इस्त्रीवाल्यांना नाही. उजव्या हाताला वाफेची इस्त्री, डाव्या हाताला शर्टांचा ढीग, आणि सकाळी भोंगा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत सिमेंटवर उभं राहायचं. दौलती माझ्या शेजारच्या टेबलावर आली ती पहिल्याच दिवशी एक रिकामं खोकं शोधून घेऊन आली. टेबलाखाली ठेवलं आणि त्यावर एक पाय टेकवला. थोड्या वेळानं तो खाली, दुसरा वर.

आमचा सुपरवायझर सुरेंद मागून आला. बुटाच्या टोकानं त्यानं खोकं दूर सरकवलं आणि मग तोंड उघडलं, "राणीसाहेब, पाय चेपायला कुणाला पाठवू का?"

पलीकडच्या टेबलावरून मेरेआनी ओरडली, "अगं तू बाई आहेस का बगळा?" मेरेआनी गावाकडची फिजियन, पण हिंदी आमच्यासारखीच बोलायची आणि शिव्या आमच्याहून चांगल्या द्यायची.

सगळ्या हसल्या. दौलतीही हसली. स्वतःवरचं हसू दुसऱ्यांच्या आधी स्वतःच हसून घ्यायचं, ही तिची जुनी सवय होती. ती कुठून लागली ते मला पुढे जेवणाच्या सुट्टीत हळूहळू कळत गेलं.

ती राकीराकीच्या मागच्या डोंगरातली. बाप रामसमुझ, ऊस तोडणारा. शाळा नदीपलीकडे होती. बाकीची पोरं पळत जायची, ही अर्ध्या वाटेत दगडावर बसायची. पाय भरून यायचे, शिसं ओतल्यासारखे जड व्हायचे. मास्तर उशिरा आली म्हणून उभं करायचे, म्हणजे पुन्हा तेच. ऊस लावायच्या दिवसांत बहिणी सरीमागून सरी संपवायच्या आणि ही बांधावर. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही आमची म्हैस. एकदा बसली की इंजिन लावा, उठायची नाही." घरात तिचं नावच ते पडलं. लग्न ठरवताना मात्र बापानं म्हैस म्हटलं नाही. म्हणाला, मुलगी शांत आहे.

नवरा जयकरन बसस्टँडजवळ टायर पंक्चरचं दुकान चालवायचा. दारू नाही, मारहाण नाही. संध्याकाळी चार माणसांत बसून यांगोनाच्या, गुंगी आणणाऱ्या मुळीच्या पाण्याच्या, वाट्या प्यायच्या, डोळे जड झाले की झोपायचं. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे, कारण बोलण्यासारखं तो काही करतच नसे. घर चालायचं ते त्याच्या आईच्या, बुधनीच्या, जिभेवर.

आशनीता झाली आणि दौलतीचा डावा पाय केळीच्या खुंटासारखा सुजला, निळा पडला. डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतर शिरेत गुठळी होते कधीकधी, पडून राहा, इंजेक्शनं घ्या, आणि सध्या दुसरं मूल नको. बुधनीनं त्यातलं 'सध्या' ऐकलंच नाही. "एक पोरगी काढली आणि पलंग धरला," असं ती विहिणीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली.

मालिशीच्या वेळी बुधनीनं सुनेचं पोट पाहिलं. जांघेपासून वर, बेंबीच्या दोन्ही बाजूंनी, छातीपर्यंत शिरा फुगलेल्या. बोटाएवढ्या जाड, वळणावळणाच्या. बुधनीनं शेजारणींना बोलावून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मंत्र घालणाऱ्या ओझाला घेऊन आली. ओझा म्हणाला, नाग आहे. पोटात बसलाय, बाहेर यायची वाट बघतोय, म्हणून पोरगी झाली आणि पोरगा होणार नाही. त्यानं काळा दोरा मंतरून पोटाभोवती आवळून बांधला. पाय आणखी सुजले. ओझाला पुन्हा बोलावलं तर म्हणाला, नाग चिडलाय, म्हणजे मंत्र लागू पडतोय. त्यानं दोरा आणखी आवळला. शेवटी दौलती न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिनं स्वतःच भाजीच्या सुरीनं तो कापला आणि चुलीत घातला. बुधनी म्हणाली, आता जे होईल ते तुझ्या कर्मानं.

झालं ते एवढंच, की दुसरं मूल झालं नाही आणि घोट्याच्या वर एक जखम झाली, ती भरेना. पपईची पानं लावून झाली, हळद लावून झाली, दवाखान्यातली पिवळी मलमं लावून झाली. आशनीता शाळेत जायला लागली, जयकरनच्या दुकानावर घर चालेना, तेव्हा दौलती ती जखम घेऊनच कारखान्यात आली. शर्टांच्या कापडाच्या चिंध्या तिला लागायच्या. बांधायची, भिजली की बदलायची. उन्हाळ्यात बसमध्ये तिच्या शेजारची बाई दोन थांब्यांनंतर उठून दुसरीकडे बसायची. दौलती खिडकीतून बाहेर बघत राहायची, जणू तिला कळलंच नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा मेरेआनीनं बातमी आणली की परदेशातून डॉक्टर आलेत, पायांच्या शिरांचे, आठवडाभर फुकट तपासणार आहेत. मी दौलतीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही दीदी, आणि पाय वास मारतो." मी म्हटलं, "इंग्रजी मला येतं, आणि वास त्यांना सवयीचा असतो."

डॉक्टर हॅलोरन म्हणून होता. उंच, मान उन्हानं लाल झालेली, बोलायला मऊ. त्यानं जखम पाहिली, नाक मुरडलं नाही. मग तिला झोपवून पोटावरचं कापड वर केलं आणि पोटाच्या आतलं दाखवणारं यंत्र जवळ ओढलं. पोटावर गार चिकट जेली लावून त्यानं ते यंत्राचं डोकं फिरवायला सुरुवात केली. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, पडद्याजवळ डोकं नेलं. मग दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. दुसऱ्यानं तिसरीला. थोड्या वेळात दौलतीच्या पोटाभोवती इतकी माणसं झाली, की मला ती दिसेना. ते एकमेकांशी भराभर बोलत होते, एक तर चक्क हसली, आनंदानं.

दौलतीनं गर्दीतून मला विचारलं, "दीदी, काय मिळालं त्यांना?"

मी म्हटलं, "मिळालं काही नाही. काहीतरी नाहीये म्हणतायत."

"माझ्यात?"

"तुझ्यात."

मोठा फोटो काढायला तिला राजधानीत, सुवाला पाठवलं. तो आल्यावर डॉक्टरनं आम्हाला दोघींना बसवून सांगितलं. स्वतःच्याच शर्टावर हात फिरवून दाखवत होता. पायांतलं रक्त हृदयाकडे परत जातं. प्रत्येक पायातून एक मोठी शीर वर येते. बेंबीच्या जरा खाली, आत, मणक्याच्या समोर त्या दोघी मिळतात आणि तिथून एकच शीर होते, अंगठ्याहून जाड. अंगातली सगळ्यात मोठी. ती मणक्याच्या उजव्या अंगानं सरळ वर चढते. वाटेत दोन्ही किडन्यांचं रक्त तिला मिळतं. मग ती लिव्हरच्या पाठीमागून जाते, लिव्हरचं रक्त घेते, पोट आणि छातीच्या मधला पडदा ओलांडते आणि हृदयाच्या उजव्या बाजूला, वरच्या कप्प्यात, रिकामी होते.

"किडन्यांपासून वर सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण खाली, पायांच्या शिरा जिथे मिळतात तिथपासून किडन्यांपर्यंत, यांना ती शीर नाहीच."

मी हे हिंदीत सांगितलं. दौलतीनं ते स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "विचार त्याला, मग माझं रक्त वर जातं कसं?"

डॉक्टरला प्रश्न फार आवडला. म्हणाला, "बारीक शिरांतून. मणक्याच्या आजूबाजूला आहेत, त्या ताणून मोठ्या झाल्या. आणि या." त्यानं तिच्या पोटाकडे बोट केलं. "पोटावरच्या या शिरांतून वळसा घेऊन रक्त छातीत जातं. यांनीच तुम्हाला जगवलं."

दौलतीनं साडीवरूनच पोटाला हात लावला. मला हळूच म्हणाली, "ह्यांच्यावरच दोरा आवळला होता ना, दीदी." ते मी डॉक्टरला सांगितलं नाही.

कशानं झालं, तर तेही त्याला नक्की सांगता येईना. आईच्या पोटातच झाली नसेल, किंवा अगदी तान्ही असताना काही मोठं दुखणं होऊन शीर गोठली असेल आणि सुकून गेली असेल. आता कळायला मार्ग नाही.

दौलती म्हणाली, "विचार त्याला. म्हणजे मी आळशी नव्हते?"

मी विचारलं. डॉक्टरला कळेना, मी चुकीचं बोलले असं वाटून त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "आळशी? यांच्या जागी मी असतो तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेलो नसतो."

हे वाक्य तिनं माझ्याकडून बसमध्ये पुन्हा म्हणवून घेतलं, आणि उतरताना आणखी एकदा.

त्यानंतर ती बदलली. जी बाई चारचौघांत तोंड उघडत नसे, ती भेटेल त्याला सांगायला लागली. हात पोटावर ठेवून, डॉक्टरनं दाखवलं तसंच: इथे दोन मिळतात, इथून वर चढते, आणि हा एवढा तुकडा मला नाही. कारखान्यात तिनं मेरेआनीला सांगितलं. मेरेआनी म्हणाली, "सुरेंदच्या खिशात बघ. आमच्या चहाच्या सुट्टीतला अर्धा तुकडा त्यानं लांबवलाय, तुझाही त्यानंच लांबवला असेल." दौलती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

घरी जयकरननं ऐकून घेतलं आणि "अच्छा" म्हणाला. बुधनी म्हणाली, "शीर नाही म्हणे! नाक नसतं तर लोकांना दिसलं असतं. पोटातलं नाही म्हणायला काय जातं?"

पण दौलतीला सगळ्यांत जास्त सांगायचं होतं ते बापाला. रविवारी ती राकीराकीला गेली, मला बरोबर घेऊन. रामसमुझ म्हातारा झाला होता, कानानं कमी. ओट्यावर बसून उकडलेला कसावा आणि डब्यातली मासळी खात होता. दौलती त्याच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाबा, मी म्हैस नव्हते. मला चालताच येत नव्हतं."

त्यानं घास गिळला. तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "मग तेव्हाच नाही का सांगायचंस?"

परतताना बसमध्ये ती सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत बसली. राकीराकीहून लौटोका जवळ नाही.

औषध म्हणाल तर असं. डॉक्टर म्हणाला, शीर बुजलेली असती तर नळी घालून उघडायचा प्रयत्न केला असता. नसलेली शीर उघडता येत नाही. कापून नवी घालणं फार जोखमीचं. रक्त पातळ करायची गोळी घ्या, घट्ट मोजे घाला, पाय वर ठेवून बसा, आणि उभं राहू नका. मोज्यांची एक जोडी त्यानं स्वतः दिली. त्या उकाड्यात दौलती ते मोजे मांडीपर्यंत चढवायची, धुवायची, वाळवायची. विरले तेव्हा तसले इथे कुठे मिळेनात.

उभं राहू नका, असं त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी तिनं सुरेंदला दिली. तिला वाटलं, आता स्टूल मिळेल. सुरेंदनं वाचली आणि ऑफिसात नेली. परत येऊन म्हणाला, "बसून इस्त्री होत नाही, बाई. आणि उद्या इथे पडलीस-बिडलीस तर आमच्या गळ्यात. घरी आराम कर." मेरेआनीनं इस्त्री आदळली, खूप बोलली. दौलतीनं तिला गप्प केलं, आपला डबा उचलला आणि गेली. तिच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी एक नवी मुलगी उभी होती.

पुढच्या वर्षी डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी दौलतीला खास निरोप धाडला, आणायला गाडी पाठवली. तिला आशा होती, की काहीतरी नवीन निघालं असेल. हॉलमध्ये शिकाऊ डॉक्टर भरले होते. तिला पातळ झग्यात झोपवलं, पोट उघडं केलं, एकेक जण येऊन शिरांवर बोट दाबून बघू लागला, रक्त कुठल्या दिशेनं भरतं ते. मी बाजूला उभी. सगळे 'थँक यू' म्हणत होते, कुणी उद्धट नव्हतं. शेवटी दौलतीनं मला विचारायला लावलं, की ऑपरेशन कधी? हॅलोरनचा चेहरा उतरला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा तेच समजावलं. पेपरवाला आला होता. त्यानं तिला साडी नेसल्यावर डॉक्टरशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. फोटोत ती हसत होती. पेपरात खाली छापून आलं, मोठ्या शिरेवाचून जगणारी बाई. तिनं ते पान भिंतीवर लावलं, हनुमानाच्या कॅलेंडरशेजारी.

त्या वेळी आशनीताचं लग्न ठरलं होतं. ती कापडाच्या दुकानात हिशेबाला बसायची. दिसायला नीटस, चालायला वाऱ्यासारखी. नांदीचं घर, मुलगा ब्रिस्बेनला. साखरपुडा झाला होता. पेपर त्या घरात गेला.

मुलाची आई स्वतः आली. चहा घेतला, भिंतीवरचा फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, "आम्हाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, बहिनजी. साधी गोष्ट आहे. मुलीची तपासणी करून घ्या, आमचं मन मोकळं होईल."

दौलती त्याच दिवशी मुलीला आणि मला घेऊन हॅलोरनकडे गेली. त्यानं निघायची घाई असूनही लगेच तपासलं. पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. काळोखात एक रुंद पट्टा, खालून वर गेलेला. "आहे," तो म्हणाला. "पूर्ण आहे. सुंदर आहे." आणि हे आईकडून मुलीकडे जाणारं दुखणं धरत नाहीत, हेही त्यानं दोनदा सांगितलं. दौलतीनं टेबलावर झोपलेल्या मुलीच्या पोटावर हात ठेवला. आशनीतानं तो बाजूला केला.

नांदीहून निरोप आला तो असा: आज आहे, ठीक आहे. उद्या हिच्या पोरींना नसली तर? डॉक्टर काय, हिच्या एकटीच्या पोटापुरतंच बोलणार.

लग्न मोडलं. आशनीता रडली नाही. ती भिंतीपाशी गेली, पेपरचं पान ओढून काढलं, चार तुकडे केले. दौलती म्हणाली, "बेटा, मी खोटं काही सांगितलं नव्हतं."

आशनीता म्हणाली, "शीर नव्हती तर नव्हती. जीभ तरी आवरायची होतीस, मम्मी."

जयकरन दारात होता. तो चपला घालून दुकानावर गेला. बुधनी आतून म्हणाली, "मी नाग म्हणत होते तेव्हा गोष्ट घरात तरी होती."

यानंतर दौलतीनं कुणाला काही सांगितलं नाही. पोटावर हात ठेवून दाखवणं बंद झालं. पुढच्या वर्षी डॉक्टरांची गाडी फाटकाशी आली तेव्हा मेरेआनी आणि मी तिथेच होतो. दौलती मेरेआनीला म्हणाली, "सांग त्यांना, ती बाई इथे राहत नाही." मेरेआनीनं सांगितलं. ड्रायव्हरनं खिडकीतून ओट्यावर पाय वर करून बसलेल्या दौलतीला बघितलं आणि गाडी वळवली.

आशनीता सिडनीला गेली. म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम, त्यांना अंघोळी घालणं, औषधं देणं. तिथेच तिचं लग्न झालं, आपल्याकडच्याच एका घरात, बरीच वर्षं तिकडे स्थायिक झालेल्या. माझा भाचा त्या लग्नाला गेला होता. परत आला तो गोंधळून मला म्हणाला, "मावशी, दौलती काकी कधी गेली?"

"कुठे गेली?"

"तिकडे तर सांगत होते, मुलीची आई नाहीये. वडील एकटे आहेत, प्रवास झेपत नाही."

हे दौलतीला सांगावं की नाही, यावर माझे दोन-चार दिवस गेले. मग तिची पट्टी बदलताना माझ्या तोंडून निघालंच. ती शांत होती. म्हणाली, "मला विचारूनच केलं तिनं, दीदी."

"म्हणजे?"

"फोन करून विचारलं. रडत होती. म्हणाली, मम्मी, तू नाहीस असं सांगितलं तर चालेल का? पुन्हा कुणी पोटात बघायला सांगितलं तर मी मरून जाईन."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मग काय म्हणणार होते? एवढंच म्हटलं, दुखण्याचं नाव घेऊ नकोस. तापानं गेली म्हण. ताप सगळ्यांना येतो."

मी पट्टी इतकी घट्ट ओढली की तीच म्हणाली, "सैल कर ग."

आशनीता फोन करायची. घरून नाही, कामावरून, नाहीतर गाडीत बसून. तिला मुलगी झाली. मुलीचे फोटो जयकरनच्या मोबाइलवर यायचे. एक दिवस मी असतानाच फोन आला. आशनीताचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. छोटी वर्षाची होऊन गेली तरी उभी राहत नव्हती. धरून उभं केलं की खाली बसायची. "मम्मी, खरं सांग. लहानपणी तुला नेमकं काय व्हायचं? कधीपासून व्हायचं?"

दौलतीनं माझ्याकडे बघितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणाली, "मला काही व्हायचं नाही ग. मी आळशीच होते. तुझ्या नानाला, माझ्या बापाला, विचार हवं तर."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "अक्कल आहे का तुला? पोरीला डॉक्टरकडे ने, असं सांगायचं सोडून हे काय सांगतेस?"

"डॉक्टरकडे ती नेईलच. तिकडे डॉक्टर ढीगभर आहेत," दौलती म्हणाली. "पण सासू विचारेल ना, काय शोधताय? तेव्हा ही काय सांगेल? मेलेल्या आईचं काय सांगेल? मनात भीती नसली तर तोंडातून काही निसटणार नाही." तिनं मोबाइल पदरानं पुसला. "आणि जन्मभर मला तेच म्हणाले की सगळे. आणखी एकदा म्हटल्यानं काय झिजलं?"

छोटी पुढे चालली. काही नव्हतं तिला, काही पोरं उशिरा चालतात. चालायला लागली तसे आशनीताचे फोन कमी झाले.

बुधनी त्याच सुमारास अंथरुणाला खिळली. तिचं सगळं दौलतीनंच केलं, भिंतीला धरून धरून. म्हातारी शेवटपर्यंत तिला हळू चालते म्हणून बोलत राहिली, आणि दौलतीनं भरवलेला भात खात राहिली.

म्हातारी गेल्यानंतर दौलतीची जखम बिघडली. पायावर लाली चढली, गुडघ्याच्या वर गेली, ताप भरला. जयकरन आणि मी तिला दवाखान्यात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरनं तिचं पोट बघितलं आणि डोळे मोठे केले. त्यानं विचारलं, "यांना कधी कुणी सांगितलं का, की..." दौलती डोळे न उघडता म्हणाली, "नाही. कुणी काही सांगितलं नाही." रक्तात विष पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

जयकरननं मुलीला फोन केला. आशनीता आली, एकटीच. विमानतळावरून सरळ स्मशानात. आग जयकरननं दिली. मेरेआनीनं त्याचं कोपर धरलं होतं. मेरेआनी गावाहून, त्यांच्याकडे मयताला नेतात तशी, विणलेली चटई घेऊन आली होती, ती तिनं दौलतीच्या खाली अंथरली होती, कुणाला न विचारता.

घरी अंगणात बायका बसल्या होत्या. आशनीता माझ्याजवळ बसली होती, डोळे सुजलेले. फोन वाजला तशी उठली आणि जुन्या टायरांच्या ढिगाऱ्याआड गेली. मला ऐकू येत होतं. "हो, झालं सगळं नीट... नाही, नाही, मम्मीची बहीण. सख्खी... हो, आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं ना... मी ठीक आहे. छोटी जेवली का?"

ती परत आली तेव्हा बायकांनी तिला जागा करून दिली. मी विचारलं, "तेराव्यापर्यंत आहेस ना ग?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नाही काकी. मावशीसाठी एवढीच रजा मिळते."

शुक्रवारी जयकरननं तिला दुकानाच्या व्हॅनमधून नांदीच्या विमानतळावर सोडलं.